रहमतबी, फौलाद आणि बाभळीखालचं वारूळ

चाकूरच्या बाजारात कुणालाही विचारा, रहमतबीचं बांगड्यांचं दुकान कुठंय? माणूस दुकान दाखवणार नाही, रस्त्याकडं बघून म्हणेल, "आत्ताच गेली की जीपनं." दुकानात बसतात ते तिचे मालक, गुलाम रसूलचाचा. ही बाई बांगड्यांची पेटी घेऊन रोज एका गावाला. साठी उलटली, अंगात हाडांशिवाय काही नाही, पण चालायला लागली की मला तिच्यामागं पळावं लागतं, आणि मी तिच्या मुलीच्या वयाची आहे. हात नुसता दाबला की तिला माप कळतं. रडकी नवरी असो की पहिलटकरीण, बोलता बोलता बांगडी कधी चढली ते कळत नाही. तालुक्यातल्या निम्म्या घरांत ती थेट चुलीपर्यंत जाते आणि कुणी तिला अडवत नाही.

या बाईचं दुसरं नाव फौलाद आहे, हे मात्र आम्हा तिघांनाच माहीत होतं.

सांगते. मी पुनम. मूळची नांदेडची, चाकूरच्या पोस्टात नोकरीला. नांदेडला कॉलेजात असताना आम्हा मैत्रिणींना एका खेळाचं वेड लागलं होतं. त्यात ना पट, ना सोंगट्या, ना मोबाइल. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी जादूगार, कुणी योद्धा, कुणी चोर. समोर राक्षस आला तर काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस तोंडांच्या फाशानं. बदली झाली तेव्हा ते फासे माझ्या पर्समधून चाकूरला आले. इथं कोण खेळणार, म्हणत मी वर्ष काढलं. मग सत्यम भेटला. बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान. पुण्याला शिकायला होता तेव्हा हाच खेळ खेळायचा. मी त्याच्याकडं आधार कार्ड लॅमिनेट करायला गेले आणि पर्समधून फासा खाली पडला, तर हा पठ्ठ्या काउंटरवरून उडी मारूनच बाहेर आला.

दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही दोघंच खेळायला लागलो. तिसऱ्याच आठवड्यात दारातून आवाज आला, "अरे मागून मार की त्याला! समोरून कायकू जातो?" बघते तर रहमतबी. झेरॉक्स काढायला आली होती आणि किती वेळ उभी राहून ऐकत होती कोण जाणे. सगळा बाजार तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. सत्यम म्हणाला, "खाला, हा खेळ आहे." ती म्हणाली, "मेरेकू दिसतंय ते. सरक."

मी तिला विचारलं, तुला कोण व्हायचंय. मला वाटलं राणी म्हणेल, परी म्हणेल. ती म्हणाली, "सात फुटी पहिलवान. नाव फौलाद. आयुष्यभर काचेचा धंदा केला बेटा, फुटायची भीती, फुटायची भीती. एकदा तरी लोखंडाचं होऊन बघू दे." त्या दिवसापासून हाडांची काडी असलेली आमची खाला रविवारी सात फुटी होते. फासा मुठीत धरते, त्यावर फुंकर घालते आणि असा फेकते की चहाचे कप आधी उचलून ठेवावे लागतात.

चौथे आले शेषेरावकाका. शेतीवाले, भरघोस मिशांचे, गावात 'पाटील' म्हणून वजन. सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढायला आले ते बसलेच. यांनी काय व्हावं? वीतभर उंचीची जादूगारीण, नाव कस्तुरी. आम्ही पोट धरून हसलो तर शांतपणे म्हणाले, "दिवसभर मोठं होऊन कंटाळा येतो." कस्तुरीला मी एक वर दिला होता. वर्षातून एकदा हरलेल्या सोबत्याला तिनं उचलायचं, पडलेला फासा पालटायचा. काकांनी तो वर कधी वापरला नाही. मागच्या वर्षी सत्यमचा उंदीर नावाचा चोर विहिरीत पडून मेला. सत्यम हातापाया पडला, पण काका म्हणाले, "वर जपून वापरायचा असतो." सत्यम अजून ते विसरलेला नाही. काकांचं दुसरं एक वेड म्हणजे नियम. पडला फासा, पडला. डाव अर्धा सोडायचा नाही.

आमच्या टेबलावर आणखी एक नियम होता, तो माझा. कुणी जागेचं, वस्तूचं बारकाईनं वर्णन केलं की प्रत्येक बारकाव्याला एक गुण, फाशात मिळवायचा. नुसतं 'जंगल आहे' म्हणून गुण नाही. कोणतं झाड, कुठल्या बाजूला वाकलंय, ते सांगा. या नियमानंच पुढं सगळा घोटाळा केला.

आता छत्र्यांचं सांगायला हवं. शिकलेली माणसं भूछत्र म्हणतात, आमच्याकडं छत्र्या. खालाचं माहेर धर्माबाद, तिकडं तेलंगणाच्या शेजारामुळं तिची आई 'पुट्टगोडुगु' म्हणायची, म्हणजे वारुळाची छत्री. पावसाळ्यात ढग गडगडले आणि वर उमस झाली की वारुळातून रातोरात वर येतात, टोकदार डोक्याच्या, पांढऱ्या. शेणावरची, लाकडावरची कुणी घेत नाही. घ्यायची ती वारुळावरची, आणि जरा जरी शंका आली तरी टाकून द्यायची. कांदा, काळा मसाला आणि ज्वारीची भाकरी असली की जेवणारा मान वर करत नाही. योगायोग असा की आम्हा चौघांनाही त्यांचं वेड. श्रावण लागला की आमच्या खेळातले राक्षस ताटकळत बसायचे आणि आम्ही छत्र्यांवर बोलत बसायचो.

त्यातही एक रीत पाळायची. कोण कुठून आणतो ते विचारायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही. इकडं माणूस सोयरिकीची गोष्ट आधी सांगेल, पण छत्र्यांची जागा सख्ख्या भावाला सांगणार नाही. आणि दिसली तरी तिच्याकडं सरळ बोट करायचं नाही, कोवळ्या काकडीला करत नाहीत तसंच. बोट वाकवून दाखवायची, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं येत नाही म्हणतात.

शेषेरावकाकांचं रडगाणं दर श्रावणात एकच. "आमच्या रानात लई यायच्या. मी लहान असताना टोपलं भरून. आता एक दिसत न्हाई. खतं अन् फवारे मारून जमिनीचा कसच गेला." यावर ते अर्धा तास बोलायचे. कस, गांडुळं, आजोबांच्या वेळची माती. खाला त्या वेळी नेमकी चहा करायला उठायची. मला वाटायचं, कंटाळली असेल बिचारी.

यंदा श्रावणात पावसानं दडी मारली होती. एका रविवारी काका म्हणाले, "शेजारच्या नाल्याच्या कामावर जेसीबी आलीच हाय. येता सोडून पुढच्या मंगळवारी आमचा वरचा बांध काढून घेतो. त्या कोपऱ्यात बाभूळ अन् ते वारूळ, ट्रॅक्टरला वळसा पडतो. मेलेलं वारूळ, ठेवून काय करायचं?" खाला चहा करायला उठली नाही. फासाही टाकला नाही. त्या मंगळवारला अजून नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टात आली. काउंटरवर कोपरं टेकून हळू आवाजात म्हणाली, "पुनम, दुसऱ्याच्या रानातली छत्री तोडली तर चोरी व्हती का?"

मी म्हणाले, "छत्री कोण पेरतं खाला?"

"पेरत कुणी न्हाई. पण बांध तर पाटलाचा हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी गावाला जाताना आभाळ भरून आलं म्हणून ती त्या बाभळीखाली थांबली, आणि समोर सगळं वारूळ पांढरंशुभ्र. तेव्हापासून दर वर्षी गडगडाट झाला की ती पहिल्या जीपनं जायची, ओच्यात भरून घ्यायची आणि निघायची. काका चहा-नाश्ता करून रानात पोचायचे तेव्हा तिथं काही उरलेलं नसायचं. म्हणजे जमिनीचा कस कुठंही गेला नव्हता. तो गुलाम रसूलचाचांच्या ताटात होता!

मला इतकं हसू आलं की मागं रांगेतल्या म्हाताऱ्यानं "बाई, बऱ्या हाव ना?" म्हणून विचारलं. खाला मात्र हसली नाही.

"पहिल्या वर्षी विचारलं असतं तर पाटील 'ने' म्हणले असते. लाज वाटली. दुसऱ्या वर्षी वाटलं, मागच्या वर्षीचं काय सांगू? आता वीस वर्षांनी कुठल्या तोंडानं विचारू? अन् न्हाई सांगितलं तर मंगळवारी वारूळ जातं."

"सांगून टाक की. काका रागावतील, ओरडतील, मग हसतील."

"तू पोस्टात बसती बेटा, तुला कळायचं न्हाई. मी घराघरात जाते. बाया हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवतात, मग हात पुढं करतात. एकदा माझ्या नावाला 'चोर' चिकटलं की पाटल्या कोण ठेवील? नक्को. वारूळ गेलं तर जाऊ दे." असं म्हणाली खरं, पण बोटांनी काउंटरवरची गोंदाची बाटली सोडली नव्हती. वारूळ जाऊ दे असं तिच्या एकाही बोटाला वाटत नव्हतं.

माझ्या नाकावर राग, आणि डोक्यात अक्कल जरा जास्तच. मी म्हटलं, थांब, काकांना न कळता त्यांचं मन वळवते. रविवारच्या डावात मी वारूळगड आणला. राज्याची सरळ वाट त्या गडानं अडवलेली, आणि गडाच्या पोटात हजारो इवलाले जीव झोपलेले, वर्षातून एकदा पांढरे मुकुट घालून बाहेर येणारे. कसलं काळजाला हात घालणारं वर्णन केलं मी! माझंच मला भरून आलं. म्हटलं, कस्तुरी आता पाझरणार.

काका मिशीला पीळ देत म्हणाले, "गड पाडा."

"काका, आत जीव आहेत."

"जीवांना नोटीस द्या. वाट सरळ झालीच पाहिजे. कस्तुरी विजेचा मंतर टाकती." आणि त्यांनी फासा टाकला. सतरा. वीसपैकी सतरा! सत्यमनं टेबल बडवलं. काका हसत सुटले. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तेवढ्यात खाला उठून उभी राहिली. खुर्ची मागं पडली. "फौलाद गडापुढं उभा राहतो," ती म्हणाली. "फौलाद वीज छातीवर घेतो."

"अठरा पाहिजेत खाला," मी म्हणाले. "कमीत कमी अठरा."

"बारकावे मोज," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. "गडाच्या डोक्यावर बाभूळ हाय. दोन खोडांची."

"एक," सत्यम ओरडला.

"एका खोडात जुनी तार रुतली. झाडानं गिळली तिला, दोन टोकं बाहेर."

"दोन!"

"खाली शिमिटाचा फुटका पाइप. त्यात घोरपड राहती."

"तीन!" मीही ओरडायला लागले होते. खरं सांगते, गडावर सिमेंटचा पाइप कुठून आला हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खालाचा आवाज चढत होता, गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि आम्ही तिघं टेबलावर ओणवे होऊन ऐकत होतो. काकासुद्धा. चौथा, हद्दीचा दगड, गेरूचा पट्टा मारलेला. पाचवा, तो पट्टा अर्धाच, मारणाऱ्याचा रंग संपला. सहावा, पायथ्याशी पाण्याच्या मोटारीची पत्र्याची पेटी, दार एका बिजागरीवर लोंबतंय.

"अन् दारावर," खाला म्हणाली, "खिळ्यानं नाव कोरलंय. बालाजी."

"सात!" सत्यम ओरडला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बालाजी म्हणजे शेषेरावकाकांचा मुलगा. खालानं डोळे उघडले. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्तच गेलं. फासा तिच्या मुठीत होता.

"सातवीत व्हता तवा कोरलं त्यानं," काका सावकाश म्हणाले. "मी मारलं व्हतं त्याला त्यापायी." मग खालाकडं बघून म्हणाले, "भाभी, हे माझं रान हाय."

खालानं नुसती मान हलवली.

"म्हंजे कस गेला नव्हता," काका म्हणाले. "शेणखताच्या गाड्या टाकल्या मी त्या बांधाला. बांधाला! अख्खं गाव हसलं मला. मी म्हणायचो, मातीचा कस जाऊन राहिला. अन् इथं बसून, माझ्याच पुढं..." वाक्य पुरं न करता त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. डाव अर्धा टाकून काका पहिल्यांदाच उठले होते.

खाला भिंतीला टेकून खाली बसली. "झालं," एवढंच म्हणाली. मला स्वतःची अशी चीड आली की मी वारूळगडाचा नकाशा फाडून टाकला. त्याच संध्याकाळी इतके दिवस रुसलेलं आभाळ गडगडलं, सर आली, आणि सोमवारी उमस अशी की जीव नकोसा व्हावा. छत्र्या येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण सोमवारी खाला कुठल्याच गावाला गेली नाही. बाजार भरलेला, श्रावण, सणासुदीचा धंदा, आणि ही बाई घरात पांघरूण घेऊन. चाचा म्हणाले, "पोटात दुखतंय म्हणती. इतक्या वर्षांत कधी दुखलं नव्हतं."

मंगळवारी सकाळी सत्यमचा फोन आला. काकांचा निरोप होता, "फौलादला म्हणावं, फासा घेऊन बांधावर ये. डाव अर्धा ऱ्हायला, मला झोप न्हाई."

खाला येईना. मी दारात बसले. म्हटलं, तू नाही आलीस तर मी इथून हलणार नाही आणि पोस्ट बंद राहील, तालुक्याचा शाप तुला लागेल. शेवटी चाचाच आतून ओरडले, "अगे जा ना, फौलाद!" म्हणजे चाचांनाही माहीत होतं तर! ती उठली.

बांधावर जेसीबी उभी होती, तोंड बाभळीकडं. चालवणारा बसलिंगप्पा, उदगीरकडचा, आणि याच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात पोचते, अशी त्याची ख्याती. काका मशीनच्या अलीकडं हाताची घडी घालून उभे. ना राम राम, ना चहा.

"सतरा माझे," ते म्हणाले. "सात बारकावे तुझे. खरे हायत, मी तपासलेत, काल संध्याकाळी आलतो. घोरपड बी हाय. अकरा पाहिजेत. आले तर वारूळ राहील, न्हाई आले तर जाईल. टाक."

"कुठं टाकू?"

काकांनी खूण केली. बसलिंगप्पानं जेसीबीची बकेट जमिनीला टेकवली. डोक्यात प्रकाश पडत नव्हता त्याच्या, पण मालक म्हणतात तर टेकवली. खालानं मूठ ओठांशी नेली, फुंकर घातली. सत्यमनं माझं मनगट इतकं दाबलं की नंतर वळ दिसत होता. फासा लोखंडावर खणखणत गेला, आदळला, फिरला, फिरतच राहिला आणि पडला.

चार.

खाला वाकली, फासा उचलला, माझ्या हातात दिला. "हरला फौलाद," ती म्हणाली. "खेळ म्हंजे खेळ. पाडा पाटील. फक्त आधी यंदाच्या काढून घ्या, तुमच्या हातानं. वीस वर्षं तुमच्या वाट्याच्या मी खाल्ल्या. ह्या तुमच्या." आणि ती मशीनला वळसा घालून बाभळीपलीकडं गेली. आम्ही मागोमाग गेलो.

अहो, काय सांगू! सगळा उतार पांढरा. मोठ्या, बशीएवढ्या पसरलेल्या, अर्ध्या उमललेल्या, नुसतं टोक बाहेर काढलेल्या, ओल्या मुरमाला भेगा पाडून वर आलेल्या. पाय ठेवायला जागा नाही. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. आणि शेषेरावकाका? एवढा मिशांचा माणूस, टोपी काढून हातात घेतली आणि उकिडवे बसले. "आयला," म्हणाले. "आजाबरोबर आलतो तवा अशाच व्हत्या. अशाच!" डोळे भरून आले होते आणि हसतही होते. "ती बघ, ती बघ पोरी, केवढी..." म्हणून त्यांनी सरळ बोट केलं.

खालानं झडप घालून त्यांचा हात धरला, बांगड्या भरायला धरते तसा, आणि बोट दुमडून मिटवलं. "सरळ न्हाई पाटील. वाकवून."

काकांनी बोट वाकवलं. बाकीच्याही तशाच दाखवत सुटले, ही, अन् ती, अन् त्या पाइपाच्या कडंची. लहान पोरासारखे. खाला सांगत होती, ओढू नका, गोल फिरवा, मूळ खोल असतं, ते मागं राहू द्या. थोड्या तशाच ठेवा, सगळ्या कुणी नेत नसतं.

एवढ्यात बसलिंगप्पा मशीनवरून उतरून आला. छत्र्या बघून त्याचे डोळे विस्फारले. मग त्यानं खालाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मालक, ह्या बांगडीवाल्या बाई न्हवं का? ह्या तुमच्या रानात काय करून राहिल्या?"

याच प्रश्नाला खाला वीस वर्षं भीत होती, आणि विचारणारा होता बसलिंगप्पा. काकांनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होता. खालाचा हात काकांच्या हातावरून सुटला. ती जमिनीकडं बघत उभी राहिली.

काका उठले. गुडघ्याची माती झटकली. "राखणदार हायत ह्या," ते मोठ्यानं म्हणाले. "वीस वर्षांपासून ह्या बांधाची राखण करतात. ह्या नसत्या तर मी ह्याला मेलेलं समजून कवाच काढलं असतं. समजलं? आता मशीन मागं घे. ट्रॅक्टर घालील वळसा."

"पण काका, फासा," सत्यम चाचरत म्हणाला. "चार पडलेत. नियम तुमचाच."

"पडला फासा, पडला," काका म्हणाले. "पर कस्तुरीचा वर हाय. हरलेल्या सोबत्याला उचलायचं. ह्या वर्षीचा ऱ्हायलाय की. वापरला."

"स्वतःच्याच मंत्राविरुद्ध?" सत्यम किंचाळला. "आणि माझा उंदीर विहिरीत पडला तेव्हा?"

"त्यो उंदीर व्हता," काका म्हणाले.

खाला हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. सात फुटी फौलाद, मुरमात बसून रडत होता. काका तिच्याशेजारी बसून छत्र्या टोपीत भरत राहिले. "पुढच्या वर्षी वाटणी," ते म्हणाले. "अन् सांगून यायचं. मला बी पहिल्या जीपच्या येळेला उठव. घरी मालकिणीला, सिंधूला, सांगतो, भाकरी जास्त थाप म्हणून."

बसलिंगप्पानं आपलं काम चोख केलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट चाकूरभर, दुसऱ्या दिवशी गावागावात. पाटलाच्या बांधावर छत्र्यांची खाण आहे आणि बांगडीवाली रहमतबी तिची राखणदार आहे. पुढचं खालानंच पुढच्या रविवारी आम्हाला करून दाखवलं, उभी राहून, सगळ्यांचे आवाज काढत. बुधवारी ती पेटी घेऊन एका गावात गेली. ओळखीच्या घरात शिरली तर घरची सून ओसरीवर आली, खाली बसली. हातातल्या दोन्ही पाटल्या काढल्या, नेहमीसारख्याच खालापुढं ठेवल्या आणि हात पुढं केला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "खाला, कुठं गं येतात त्या छत्र्या? नेमक्या कुठल्या कोपऱ्याला?"

खालानं तिचा हात दाबून माप घेतलं, बांगड्यांची जुडी सोडली आणि विचारलं, "कसल्या छत्र्या?"